सहनशक्ती प्रशिक्षण आणि स्नायूंमधील इंधनाचा वापर

सहनशक्ती प्रशिक्षण म्हणजे दीर्घकाळ चालणारा आणि अनेक आठवडे नियमितपणे केला जाणारा व्यायाम होय. लांब पल्ल्याचे धावणे, सायकल चालवणे व पोहणे हे त्याचे प्रमुख प्रकार आहेत. या प्रशिक्षणानंतर पूर्वीच्याच वेगाने श्रम करताना स्नायू मेदाचा वापर अधिक आणि ग्लायकोजेनचा वापर कमी करतात.

इंधनाचे स्रोत

दीर्घ श्रमात स्नायूंना मुख्यतः कर्बोदके व मेद यांपासून ऊर्जा मिळते. कर्बोदके ग्लायकोजेनच्या रूपात स्नायूंत व यकृतात साठवली जातात. प्रौढ व्यक्तीच्या शरीरात हा साठा साधारणतः ५०० ग्रॅम, म्हणजे सुमारे २,००० किलोकॅलरी इतकाच असतो. मेदाचा साठा मात्र सडपातळ व्यक्तीतही काही किलोग्रॅम असतो आणि १ ग्रॅम मेदापासून सुमारे ९ किलोकॅलरी मिळतात.

इंधनाची निवड श्रमाच्या तीव्रतेवर अवलंबून असते. देहूहून निघून बारामती व इंदापूरमार्गे पंढरपूरला जाणाऱ्या संत तुकाराम महाराजांच्या पालखीबरोबर चालणाऱ्या वारकऱ्यांच्या संथ चालीत मेदाचा वाटा मोठा असतो. वेग वाढत जातो तसतसा कर्बोदकांचा वाटा वाढतो.

प्रशिक्षणाने होणारे बदल

अमेरिकी संशोधक जॉन हॉलोझी यांनी १९६७ मध्ये धावण्याचा सराव दिलेल्या उंदरांच्या स्नायूंतील तंतुकणिकांची प्राणवायू वापरण्याची क्षमता सुमारे दुप्पट झाल्याचे दाखवले. तंतुकणिका हे पेशीतील ऊर्जानिर्मितीचे केंद्र असते. सरावाने स्नायूंभोवतीच्या केशवाहिन्या आणि मेदाम्लांचे विघटन करणारी विकरेही वाढतात. परिणामी ग्लायकोजेन सावकाश संपते व रक्तात लॅक्टेट कमी साचते.

स्पर्धेतील महत्त्व

४२.१९५ किलोमीटरच्या मॅरेथॉनमध्ये ग्लायकोजेन संपत आल्यास धावपटूचा वेग अखेरच्या टप्प्यात एकाएकी घटतो. त्यामुळे ग्लायकोजेनची बचत तेथे निर्णायक ठरते. सातारा जिल्ह्यातील मोही येथील ललिता बाबर यांनी मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांचे विजेतेपद सलग तीन वेळा मिळवले. पुढे २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३,००० मीटर स्टीपलचेस शर्यतीच्या अंतिम फेरीत त्या दहाव्या आल्या. सुमारे नऊ मिनिटांच्या या शर्यतीत तीव्रता फार असल्याने कर्बोदके हेच प्रमुख इंधन असते. तेथे ग्लायकोजेनच्या बचतीपेक्षा प्राणवायू वापरण्याच्या वाढलेल्या क्षमतेचा लाभ अधिक होतो.

मर्यादा

प्रत्येकाच्या कमाल क्षमतेच्या समान टक्केवारीवर तुलना केल्यास प्रशिक्षित व अप्रशिक्षित व्यक्तींमधील फरक कमी दिसतो. सराव थांबवल्यास तंतुकणिकांतील वाढ काही आठवड्यांतच ओसरू लागते. व्यायामाच्या वेळी मेद अधिक वापरला गेला म्हणजे वजन घटतेच असे नाही; ते आहारातून मिळणारी आणि दिवसभरात खर्च होणारी ऊर्जा यांच्या मेळावर अवलंबून असते.