दूध वाढले, माज का हरवला?

‘दूध भरपूर देते, पण गाभणच राहत नाही. दोनदा भरवली, दोनदा उलटली.’ संकरित होल्स्टीन गायींच्या गोठ्यात ही तक्रार नेहमी ऐकू येते. दोष गर्भाशयाला किंवा रेतनाला दिला जातो. मात्र त्याच जातीच्या, अजून दुधात न आलेल्या कालवडी सहसा सहज गाभण राहतात. म्हणून कारण दुधाच्या काळातही शोधायला हवे.

गाय व्यायल्यावर दूध झपाट्याने वाढते आणि सहा ते आठ आठवड्यांत शिगेला पोहोचते. तिची भूक मात्र त्यानंतर काही आठवड्यांनी पूर्ण उघडते. मधल्या काळातली ऊर्जेची तूट गाय अंगावरची चरबी वितळवून भरते. ही तूट मोठी झाली की मेंदूकडून अंडाशयाला मिळणारे संप्रेरकांचे संकेत विरळ होतात आणि यकृतातून येणारा आयजीएफ-१ हा वाढ-घटकही घटतो. बीजकोष वाढतो, पण वेळेवर फुटत नाही. पोटच्या वासराला दूध पुरवणे हे शरीराच्या लेखी पुढच्या गर्भापेक्षा तातडीचे काम असते.

जास्त दूध देणारी गाय खातेही जास्त, त्यामुळे तिच्या यकृतातून रक्तही अधिक वाहते. तिथे इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन वेगाने नष्ट होतात. इस्ट्रोजेन कमी पडले की माज आखूड होतो. अमेरिकेतील विस्कॉन्सिनमध्ये झालेल्या आणि 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिवसाला सुमारे 40 किलो किंवा जास्त दूध देणाऱ्या गायींचा माज सरासरी सहा तास टिकला, तर कमी दूध देणाऱ्यांचा जवळपास अकरा तास. असा सहा तासांचा माज रात्रीच आला आणि गेला, तर सकाळी धार काढणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

याला आनुवंशिकतेचीही जोड आहे. अमेरिकेत अनेक दशके वळू मुख्यतः दुधावर निवडले गेले आणि त्यांच्या मुलींची गर्भधारणा घसरत गेली. 2003 पासून वळूंच्या मूल्यमापनात मुलींचा गर्भधारणा दरही मोजला जाऊ लागला. पुढे ही घसरण थांबली, आणि दूधही वाढत राहिले. नॉर्वेने तर 1970 च्या दशकातच आपल्या लाल गायींच्या निवडीत प्रजननाला स्थान दिले होते. दूध आणि गाभण राहणे यांत ओढाताण आहे, पण ती सांभाळता येते.

आपल्या गोठ्यात याची सुरुवात भाकड काळापासून होते. विताना पाचपैकी 3 ते 3.5 शरीर गुणांक पुरेसा असतो. फार लठ्ठ गाय व्यायल्यावर कमी खाते आणि जास्त खंगते. त्यानंतर हा गुणांक अर्ध्या गुणाहून अधिक घसरू नये, यासाठी चांगला मुरघास आणि संतुलित पशुखाद्य हवे. माज पाहण्यासाठी रात्री उशिराही एक फेरी मारावी. रेतमात्रा निवडताना वळूच्या मुलींच्या दुधाबरोबर त्यांच्या गर्भधारणेचीही माहिती मागावी. व्यायल्यानंतरच्या तीन महिन्यांत खाद्यावर केलेली काटकसर लांबलेल्या भाकड काळात दामदुप्पट वसूल होते. वर्षाला एक वेत हवे असेल, तर खाद्याचा पहिला हिशेब याच दिवसांचा करायला हवा.