आधी गुणगुण शोधा, मग आवाज वाढवा

इंदिरानगरच्या घरी आईच्या ओव्या रेकॉर्ड केल्या. आवाज क्षीण, मागे सतत ‘हूंऽऽ’. आईचं वय अठ्ठ्याऐंशी. पुन्हा पुन्हा गायला कसं सांगणार?

आपली वीज ५० हर्ट्‌झची, म्हणून ही गुणगुण ५० किंवा १०० हर्ट्‌झवर येते. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवा. थांबली, तर दोष चार्जर-अर्थिंगच्या वाटेत. प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीही काढू नका. ती जीव वाचवते.

कमी आवाज नंतर वाढवला, तर गुणगुणही वाढते. आधी माइक जवळ घ्या. अंतर निम्मं केलं की सुमारे ६ डेसिबल मिळतात. मग गेन असा ठेवा की सर्वांत मोठा स्वर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील.

दुसऱ्या दिवशी एवढंच केलं. आईनं दोनच ओव्या म्हटल्या, पण स्वच्छ आल्या.