बाउरॉन: आयर्लंडचं चर्मवाद्य

आयरिश लोकसंगीतात मान सुरावटीचा. फिडल, बासरी, पाइप्स मिळून एकच धून वाजवतात आणि नाचाची लय त्या धुनेतच असते. जिग या नाचप्रकारात सहा जलद मात्रा तीन-तीनच्या दोन गटांत पडतात, स्लिप जिगमध्ये तीन-तीनचे तीन गट होतात, तर रील चार-चारच्या गटांत धावते.

या लयीला उठाव देतं ते बाउरॉन. लाकडी कड्यावर बकऱ्याचं कातडं ताणलेलं हे वाद्य दिसायला आपल्या डफासारखं. एका हातातली छोटी काठी मनगटाच्या झटक्यानं वरखाली फिरते. खरी किमया मात्र दुसऱ्या हाताची! तो आतून कातड्यावर दाब देत सरकतो, तसा नाद चढतो, उतरतो, घुमतो किंवा मिटतो.

पूर्वी ते मुख्यतः २६ डिसेंबरच्या 'रेन डे' (Wren Day) या सणाच्या मिरवणुकीत वाजे. १९६०च्या दशकात संगीतकार शॉन ओ रिआदा यांनी त्याला मैफलीत आणलं. चांगला वादक धुनेवर कुरघोडी करत नाही, तिला खालून उचलून धरतो. हे ऐकायचं असेल, तर 'द चीफ्टन्स' या आयरिश वाद्यवृंदातलं केव्हिन कॉनेफ यांचं वादन जरूर ऐका.