शाळकरी पोराचा वेगवान हात

६ जुलै १९३६. क्लीव्हलँड इंडियन्स आणि सेंट लुई कार्डिनल्स यांच्यातल्या बेसबॉलच्या प्रदर्शनीय सामन्यात एक १७ वर्षांचा पोरगा पिचिंगला उभा राहिला. ३ इनिंगांत त्याने ८ बॅटर स्ट्राइकआउट केले, म्हणजे तीन स्ट्राइक टाकून बाद केले. समोर मुरलेले व्यावसायिक खेळाडू, आणि याचं शाळेचं एक वर्ष अजून बाकी!

तो बॉब फेलर. आयोवा राज्यातल्या व्हॅन मीटर या छोट्या गावच्या शेतकऱ्याचा मुलगा. वडिलांनी त्याच्यासाठी शेतातच मैदान तयार केलं होतं; हिवाळ्यात बापलेक धान्याच्या कोठारात सराव करत. क्लीव्हलँडने त्याला करारबद्ध केलं ते १ डॉलर आणि खेळाडूंच्या सह्यांचा एक चेंडू देऊन.

त्याच्या वेगाचा अर्थ नीट समजून घेऊ. पिचरची जागा होम प्लेटपासून, म्हणजे बॅटर उभा असतो तिथपासून, १८.४४ मीटरवर असते. चेंडू मध्ये टप्पा खात नाही, थेट येतो. ताशी १६० किलोमीटरच्या आसपास वेग असला, तर बॅटरच्या हाती जेमतेम ०.४ सेकंद उरतात. त्यातला बराचसा वेळ चेंडू ओळखण्यात आणि मारायचा की सोडायचा हे ठरवण्यात जातो. उरलेल्या क्षणांशात बॅट फिरवायची. १९४०मध्ये शिकागोत फेलरचा वेग मोजायला शेजारून भरधाव मोटरसायकल सोडली होती. त्या प्रयोगाची चित्रफीत आजही पाहायला मिळते. मोटरसायकल आधी पुढे निघते, साध्या कपड्यांतला फेलर हात फिरवतो आणि चेंडू तिच्या आधी निशाणावर पोहोचतो. कितीदाही पाहा, अंगावर काटा येतो.

ऑगस्ट १९३६मध्ये पहिल्यांदाच सामन्याची सुरुवात करताना त्याने १५ जणांना स्ट्राइकआउट केलं, सप्टेंबरमध्ये १७ जणांना. मग पठ्ठ्या शाळा पूर्ण करायला गावी परतला.

मला मात्र खरं नवल वाटतं ते पुढच्या वर्षांचं. पिचरने चार चेंडू स्ट्राइकच्या चौकटीबाहेर टाकले आणि बॅटरने ते सोडले, की बॅटरला पहिला बेस फुकट मिळतो. याला वॉक म्हणतात. १९३८च्या हंगामात फेलरने असे तब्बल २०८ वॉक दिले. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला डेट्रॉइटविरुद्ध १८ स्ट्राइकआउटचा नवा विक्रम केला आणि तो सामना हरलाही! चेंडू कुठे जाईल याचा भरवसा नसल्यामुळे बॅटर आणखीच धास्तावत, पण फुकटचे बेस संघाला महागात पडत.

बहुतेक पिचर दिशेवरचा ताबा मायनर लीगच्या, म्हणजे खालच्या श्रेणीतल्या स्पर्धांच्या, छोट्या मैदानांवर, फारसं कुणी पाहत नसताना कमावतात. फेलर त्या पायरीवर थांबलाच नाही. त्याची उमेदवारी भरल्या स्टेडियममध्ये, अख्ख्या देशासमोर झाली. वॉक २०८वरून पुढच्या वर्षी १४२ आणि १९४०मध्ये ११८वर आले, तेही वेग न गमावता. ते जमवायला त्या विक्रमी स्ट्राइकआउटपेक्षा जास्त कस लागला, असं माझं ठाम मत आहे.

१६ एप्रिल १९४०, हंगामाचा पहिला दिवस. शिकागोत व्हाइट सॉक्स संघाला त्याने एकही हिट, म्हणजे चेंडू मारून बेस गाठण्याची संधी, मिळू दिली नाही. क्लीव्हलँड १-० जिंकलं. डिसेंबर १९४१मध्ये पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि फेलर लगेच नौदलात भरती झाला. तेव्हा तो २३ वर्षांचा होता आणि त्याच्या नावावर १०७ विजय जमा होते.