सिकलसेलचा उंदीर

सिकलसेलच्या संशोधनासाठी जगभरच्या प्रयोगशाळांत जो उंदीर पाळला जातो, तो निसर्गात कोठेही सापडत नाही, कारण उंदराला हा आजार मुळात होतच नाही. माणसाच्या तांबड्या पेशीत प्राणवायू वाहून नेणारे जे हिमोग्लोबिन असते, त्याच्या बीटा नावाच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आले, की प्राणवायू सोडल्यावर हे रेणू एकमेकांना चिकटून लांब धागे तयार होतात आणि गोल, लवचिक पेशी ताठ होऊन विळ्यासारखी वाकते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्या की हाडांत, छातीत, पोटात असह्य कळा उठतात. आई आणि वडील या दोघांकडूनही हा जनुक आला तर मूल रोगग्रस्त होते, एकाकडूनच आला तर ते केवळ वाहक राहते.

रायपूरच्या जुन्या भागातील ब्राह्मणपारा या मोहल्ल्यात राहणाऱ्या वाचकाला हा आजार परका वाटण्याचे कारण नाही, कारण छत्तीसगड आणि विदर्भ मिळून मध्य भारताचा जो पट्टा होतो तो सिकलसेलचा मोठा प्रदेश आहे, आणि आदिवासींबरोबरच अनुसूचित जाती व इतर मागास समाजांतही हा जनुक आढळतो. भारतात त्याची पहिली नोंद 1952 मध्ये निलगिरीतील आदिवासींमध्ये झाली आणि 1958 पर्यंत मध्य भारतातील वाहकांची माहितीही वैद्यकीय नियतकालिकांत छापून आली होती. रायपूरच्या पंडित जवाहरलाल नेहरू स्मृती वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी रायपूर जिल्ह्यातील साडेतीन लाखांहून अधिक मुलांचे रक्त तपासून 2011 मध्ये जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांत सुमारे 9 टक्के मुले वाहक निघाली. शाळेच्या वर्गात 50 मुले बसत असतील तर त्यांपैकी चार-पाच, असा त्याचा अर्थ होतो.

या रुग्णांना आज दिले जाणारे प्रमुख औषध म्हणजे हायड्रॉक्सीयुरिया, आणि ते माणसापर्यंत ज्या वाटेने आले ती वाट उंदरातून नव्हे तर माकडांतून गेली. गर्भात असताना बाळाच्या रक्तात वेगळे, म्हणजे गर्भ हिमोग्लोबिन असते. जन्मानंतर काही महिन्यांत त्याचा जनुक जवळजवळ मिटतो आणि प्रौढ हिमोग्लोबिन त्याची जागा घेते. गर्भ हिमोग्लोबिन सिकलच्या धाग्यांत सामील होत नाही, उलट त्यांच्या घडणीत अडथळा आणते, म्हणून मिटलेला जनुक पुन्हा उघडता आला तर रोग सौम्य होईल, असा तर्क होता. उंदराच्या रक्तात भ्रूण अवस्थेनंतर थेट प्रौढ हिमोग्लोबिनच येत असल्याने हा तर्क त्याच्यावर तपासता येत नव्हता; बबून व मकाक माकडांत मात्र माणसाप्रमाणेच हा बदल घडतो. या माकडांचे रक्त पुन्हा पुन्हा काढून त्यांना रक्तक्षीण ठेवले गेले, जेणेकरून अस्थिमज्जा वेगाने नव्या पेशी बनवील, आणि मग औषध दिले गेले. 1982 मध्ये अझासायटिडीनने बबूनमध्ये आणि 1984 मध्ये हायड्रॉक्सीयुरियाने मकाकमध्ये गर्भ हिमोग्लोबिन वाढल्याचे दिसले. त्यानंतर 299 प्रौढ रुग्णांवर झालेल्या अमेरिकी चाचणीचे निष्कर्ष 1995 मध्ये आले, त्यांत वेदनेचे झटके जवळजवळ निम्म्याने कमी झाले होते. रक्त देऊन देऊन थकलेल्या त्या माकडांचे ऋण या औषधामागे आहे, हे मान्य केलेच पाहिजे.

उंदीर आला तो 1997 मध्ये. बर्कली आणि अलाबामा येथील दोन गटांनी एकाच वर्षी तो घडवला. त्यासाठी केवळ माणसाचा सिकल जनुक उंदरात घालणे पुरेसे ठरत नव्हते, कारण उंदराचे स्वतःचे हिमोग्लोबिन पेशीत शिल्लक असेपर्यंत ते धागे बनू देत नव्हते. अखेर उंदराचे अल्फा व बीटा हे दोन्ही जनुक बंद करून त्यांच्या जागी माणसाचे जनुक चालवावे लागले. या उंदराचा वंश टिकवणे हेही चिकाटीचे काम आहे. रोगग्रस्त माद्यांची वीण नीट होत नसल्याने वाहकांची जोडी जुळवावी लागते आणि प्रत्येक पिलाच्या शेपटीचा किंवा कानाचा कणभर तुकडा घेऊन ते रोगग्रस्त आहे, वाहक आहे की निरोगी, हे जनुक तपासून ठरवावे लागते.

या उंदरात वेदनेची मोजणी कशी होते, हे पाहण्यासारखे आहे. त्याला जाळीवर ठेवतात, खालून नायलॉनचा केसासारखा बारीक तंतू पंजाच्या तळव्याला टेकवतात, आणि तंतू किंचित वाकेपर्यंत दाबतात. निरोगी उंदीर पंजा जागेवरच ठेवतो. सिकलचा उंदीर त्याच दाबाला, कधी त्याहून हलक्या दाबालाही, पंजा झटकन उचलतो. एरवी रुग्णाच्या तोंडूनच कळणारी वेदना येथे एका तंतूच्या जाडीत मोजली जाते, आणि या मोजमापाची सारी ताकद व सारी मर्यादा त्यातच आहे.

सिकलच्या उंदरातील बीसीएल-11-ए हा गर्भ हिमोग्लोबिन मिटवणारा जनुक बंद केला तर रोग सुधारतो, हे 2011 मध्ये सिद्ध झाले, आणि त्याच जनुकाला रक्तपेशींत निष्प्रभ करणाऱ्या उपचाराला 2023 च्या अखेरीस ब्रिटन व अमेरिकेत मान्यता मिळाली. हा उंदराचा खरा विजय आहे; मात्र अमेरिकेत या उपचाराची किंमत 22 लाख डॉलर आहे.

दुसरी बाजू तितकीच खरी आहे. व्होक्सेलोटर या औषधाने उंदरातील तांबड्या पेशींचे आयुष्य वाढवले, माणसांत हिमोग्लोबिनही वाढवले, 2019 मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली, आणि सप्टेंबर 2024 मध्ये, धोका लाभापेक्षा अधिक दिसल्याने, ते जगभरातील बाजारातून मागे घेण्यात आले. पेशीचे आयुष्य वाढणे आणि रुग्णाचे आयुष्य वाढणे यांत अंतर असते. शिवाय उंदराची तांबडी पेशी माणसाच्या पेशीच्या जवळजवळ निम्म्या आकारमानाची असते. त्याची प्लीहा मोठी राहून रक्त बनवत बसते, तर आफ्रिकी वंशाच्या रुग्ण मुलांत ती लहानपणीच आकसून निकामी होते. मध्य भारतातील अनेक रुग्णांत मात्र ती मोठीच राहते, आणि त्यांच्या रक्तात गर्भ हिमोग्लोबिनही बहुधा अधिक असते. त्यामुळे येथील आजार सौम्य असतो असा समज दृढ झाला, पण कळांनी तळमळणाऱ्या येथील मुलांनी तो अनेकदा खोटा ठरवला आहे. प्रयोगशाळेतील उंदीर हा असा रुग्ण नाही, तो एका जनुकाचा नमुना आहे. त्याच्याकडे नागपूरचे पाणी नाही, रायपूरचा मलेरिया नाही, कुपोषण नाही.

प्राण्यांवरील प्रयोगांचा भार कमी करण्याची दिशाही आता स्पष्ट झाली आहे. 1959 मध्ये रसेल व बर्च या शास्त्रज्ञांनी पर्याय शोधणे, संख्या घटवणे व त्रास कमी करणे ही तीन तत्त्वे मांडली. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने भारतात प्रयोगांवर देखरेख आणली. आणि 2023 मध्ये औषध चाचणी नियमांत झालेल्या दुरुस्तीने मानवी पेशींवर आधारित पर्यायी चाचण्यांनाही मान्यता दिली. रुग्णाच्या थेंबभर रक्तावर काचेच्या बारीक नळ्यांत पेशी कशा अडकतात हे पाहणाऱ्या पद्धती उंदराला अंशतः मोकळे करतील, पण संपूर्ण शरीराचे उत्तर त्या देऊ शकत नाहीत.

उंदराकडून न मिळणारी उत्तरे रुग्णांकडूनच मिळतील. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम 1 जुलै 2023 रोजी सुरू झाली आणि तिच्यात तपासणीवर मोठा भर आहे. तपासणीनंतर ज्या मुलाला रोगग्रस्त म्हणून कार्ड मिळते, त्याची प्लीहा, त्याचे गर्भ हिमोग्लोबिन, वर्षातले कळांचे दिवस आणि औषधाचा परिणाम यांची नोंद वर्षानुवर्षे ठेवली जावी, निदान प्रयोगशाळेतील एका उंदराच्या वंशावळीइतक्या निगुतीने. रायपूर आणि नागपूर येथील वैद्यकीय महाविद्यालयांनी व दोन्ही राज्यांच्या शासनांनी हे काम आताच हाती घ्यावे, आणि लग्न ठरवण्यापूर्वी दोन्हीकडच्या कुटुंबांनी रक्ताची ही साधी तपासणी करून घ्यावी.