पाळीव कुत्र्याचे पोट बिघडते तेव्हा

माणसांच्या रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात कुत्र्याच्या पोटाच्या विकारावर लेख कशासाठी, असा प्रश्न विश्वस्त मंडळाच्या सभेतही विचारला गेला. प्रश्न रास्त आहे. उत्तरादाखल एक प्रसंग येथे नमूद करीत आहोत.

उसाचा हंगाम सरत आला असता एके सायंकाळी शेतवस्तीवरील एक गृहस्थ आमच्या स्वागतकक्षात आले. कुत्र्याने दोन दिवसांपासून काही खाल्लेले नाही, तोंडातून लाळ गळते, घोट गिळता येत नाही. पोट बिघडले असेल किंवा घशात हाड अडकले असेल, एखादी गोळी द्यावी, असे त्यांचे म्हणणे होते. हा माणसांचा दवाखाना आहे, असे सांगून आमच्या कर्मचाऱ्याने त्यांना परत पाठविले. उत्तर नियमाला धरून होते, पण अपुरे होते, हे आम्ही मान्य करतो. ते गृहस्थ फाटकापर्यंत गेले असता आमच्या एका परिचारिकाताईंनी त्यांना हाक मारून विचारले, "दादा, त्याच्या तोंडात कोणी हात घातला होता का?"

घातला होता. हाड शोधण्यासाठी त्यांनी स्वतः आणि त्यांच्या थोरल्या मुलानेही. मुलाच्या बोटाला दात लागून खरचटले होते. त्याच रात्री दोघांचे हात साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुतले गेले व लसीची पहिली मात्रा दिली गेली. मुलाच्या जखमेत प्रतिपिंडांचे इंजेक्शनही देण्यात आले. तिसऱ्या दिवशी कुत्रा मेला. त्याच्या मेंदूची तपासणी होऊ शकली नाही, त्यामुळे तो पिसाळलेलाच होता असे आम्ही छातीठोकपणे म्हणणार नाही. परंतु या रोगात खात्री होईपर्यंत थांबणे परवडत नाही. माणसात लक्षणे दिसू लागल्यावर उपचार बहुधा निष्फळ ठरतात. बापलेक दोघेही आज सुखरूप आहेत.

पिसाळलेला कुत्रा म्हटला की अंगावर धावून येणारे जनावर डोळ्यांपुढे उभे राहते. पण या रोगाचा एक मूक प्रकारही आहे. त्यात कुत्रा अन्न सोडतो, अंधारात जाऊन बसतो, जबडा लोंबतो, आवाज बदलतो, लाळ गळत राहते. घरच्या माणसांना तो आजारी व केविलवाणा वाटतो. मायेपोटी कोणी त्याचे तोंड उघडून पाहतो, कोणी बळेच औषध पाजतो. रोगाचे विषाणू लाळेत असतात. हाताला साधे खरचटले असले तरी त्यांना वाट मिळते. म्हणून आमचे पहिले सांगणे असे की, लाळ गाळणाऱ्या व गिळू न शकणाऱ्या कुत्र्याच्या तोंडात हात घालू नये. त्याला बांधून किंवा कोंडून ठेवावे व पशुवैद्यकांना बोलवावे. हात लागून गेला असल्यास जखमेवर हळद, चुना, मिरची असे काहीही न लावता ती धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. पोटात टोचल्या जाणाऱ्या चौदा इंजेक्शनांची धास्ती जुन्या मंडळींच्या मनात अजूनही आहे. त्या लसीचे उत्पादन भारतात २००४ च्या अखेरीस बंद झाले. आताची लस दंडात टोचली जाते. पहिल्या दिवसानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी. शासकीय रुग्णालयांत ती मोफत मिळते.

आता नेहमीच्या पोटबिघाडाविषयी. सुदैवाने बहुतेक वेळा कारण साधेच असते. तेलगावचा परिसर साखर कारखान्याचा आणि ऊसतोड कामगारांचा. दसरा-दिवाळीच्या सुमारास कुटुंबे तोडणीला निघतात. काहींचे कुत्रे बैलगाडीमागून कोपीपर्यंत जाते, काहींचे गावातच राहते व मिळेल ते खाऊन दिवस काढते. मंडळी परतली की त्याचे लाड सुरू होतात. मटणाचा तिखट रस्सा, तळलेले पदार्थ, पुरणपोळी, वाडगाभर दूध! मोठ्या झालेल्या पुष्कळ कुत्र्यांना दुधातील साखर पचत नाही. मग उलट्या व जुलाब होतात आणि दोष दृष्टीला दिला जातो.

कुत्रे वयाने मोठे, एरवी धडधाकट, एखाद-दोन वेळा उलटी करूनही शेपूट हलवीत असेल, तर सुमारे बारा तास अन्न देऊ नये. पिलांना मात्र असे उपाशी ठेवू नये. पाणी थोडे थोडे, वारंवार समोर ठेवावे. बळेच घशात ओतल्यास ते फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. उलटी थांबल्यावर मऊ भात आणि मीठ-मसाल्याविना शिजविलेली कोंबडी, हाडे काढून, दिवसातून तीन-चार वेळा थोडी थोडी द्यावी. दोन-तीन दिवसांत नेहमीच्या भाकरीवर यावे.

घरातील औषधांच्या डब्याकडे मात्र जाऊ नये. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक या गोळ्या माणसाला गुणकारी असल्या तरी कुत्र्याचे यकृत, जठर वा मूत्रपिंड निकामी करू शकतात. कांदा-लसूण, मनुका, द्राक्षे व चॉकलेट हेही त्याला विषासमान आहेत. कपाशीवर फवारणी झालेल्या शेतातून आलेले कुत्रे लाळ गाळीत थरथरू लागले, किंवा उंदराचे औषध त्याच्या पोटात गेल्याची शंका आली, तर घरी कसलाही प्रयोग न करता ते वेष्टन सोबत घेऊन तत्काळ पशुवैद्यकांकडे जावे.

उलटीत किंवा शौचात रक्त, पोटात पाणीही न ठरणे, हिरड्या पांढऱ्या पडणे, मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली असता जागेवर न बसणे, पोट फुगून नुसतेच उमासे येणे, यांपैकी काहीही दिसल्यास सकाळची वाट पाहू नये. पिलाला दुर्गंधीयुक्त रक्ती जुलाब झाल्यास पार्व्हो या विषाणूची शक्यता असते. १९७८ च्या सुमारास हा रोग जगात प्रथम ओळखला गेला. वेळीच सलाईन न मिळाल्यास अनेक पिले दगावतात. त्याचा विषाणू अंगणातील मातीत महिनोन्‌महिने टिकतो, म्हणून त्या जागी लगेच दुसरे पिलू आणू नये. सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून या रोगाची लस देता येते. पिसाळण्याची लस तीन महिन्यांचे झाल्यावर.

जंतांविषयी थोडेसे. बकऱ्या-मेंढ्यांची कच्ची आतडी व काळीज कुत्र्यांपुढे टाकण्याची सवय आपल्याकडे सर्रास दिसते. त्यातून कुत्र्याच्या आतड्यात एक बारीक पट्टकृमी वाढतो. त्याची अंडी हातावाटे माणसाच्या पोटात गेल्यास यकृतात किंवा फुप्फुसात पाण्याच्या गाठी होतात. पुष्कळदा त्या शस्त्रक्रियेनेच काढाव्या लागतात. कुत्र्याला वेळोवेळी दिलेले जंतांचे औषध या शस्त्रक्रियेपेक्षा कितीतरी स्वस्त पडते, हे आम्ही जमाखर्च पाहणारी माणसे अधिकाराने सांगू शकतो.

कुत्र्यांवर उपचार करण्याचा आमचा अधिकार नाही व तो विचारही नाही. पशुसंवर्धन विभागाचा १९६२ हा क्रमांक स्वागतकक्षात ठळक अक्षरांत लावला आहे. कोणी आजारी जनावराची चौकशी करीत आल्यास त्याला परत पाठविण्यापूर्वी परिचारिकाताईंचा तो एक प्रश्न विचारावा व उत्तर नोंदवहीत लिहावे, अशी लेखी सूचना कर्मचाऱ्यांना देण्यात आली आहे. लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये जपावी लागते. वीज गेल्यावर ती खराब होऊ नये, यासाठी शीतकपाटास स्वतंत्र विद्युत्‌संच जोडण्याचा प्रस्ताव विश्वस्त मंडळापुढे आहे. देणगीदारांनी या कामी हातभार लावू इच्छिल्यास देणगीपत्रात 'लस-निधी' असा उल्लेख करावा.