गट्टू खचतो तेव्हा

गोंदिया जिल्ह्यात गट्टू आता सगळीकडे पोहोचला आहे. समाजमंदिरापुढे, ग्रामपंचायतीच्या आवारात, शाळेच्या पटांगणात, गल्लीत, घरापुढच्या अंगणात. अंदाजपत्रकात त्याला पेव्हर ब्लॉक म्हणतात, बोलण्यात गट्टू. पहिलं वर्ष छान जातं. दुसऱ्या पावसाळ्यात मधोमध डबकं साचतं, कडेची रांग बाहेर सरकते, एखाद-दुसरा गट्टू पायाखाली डुगडुगतो आणि गावात निकाल लागतो: माल हलका होता. दगडी फरशीचंही तेच. ती हलली तरी बोल दगडाला आणि डागाळली तरी दगडालाच.

माल हलका असतोही कधी कधी. पण बहुतेक वेळा दोष वर दिसणाऱ्या वस्तूत नसतो. तो तिच्याखालच्या थरात असतो, कडेला असतो आणि पाण्याला वाट ठेवली की नाही यात असतो.

"गट्टू खचला म्हणजे गट्टू कच्चा"

खचलेल्या जागेवरचे चार गट्टू काढून पाहावेत. बऱ्याचदा ते अखंडच निघतात, तडासुद्धा नसतो. मग खाली काय झालं ते दिसतं. गट्टूच्या लगेच खाली रेतीचा थर असतो. नीट केलेल्या कामात तो अडीच-तीन सेंटिमीटरचा आणि सगळीकडे सारखा असतो. बिघडलेल्या कामात तो एका टोकाला बोटभर, तर दुसऱ्या टोकाला चार बोटं जाड निघतो. खालचा मुरूम उंचसखल राहिला आणि मिस्त्रीने पातळी रेतीने जुळवली, की असं होतं. वजन पडल्यावर जाड थर जास्त दबतो आणि तिथेच डबकं होतं. रेतीऐवजी क्रशरची चुरी टाकली असेल तर त्रास आणखी वाढतो. चुरीत पिठासारखी बारीक भुकटी असते. ती पाणी धरून ठेवते आणि चाकाच्या दाबाने तिचा चिखल सांध्यांतून वर येतो. रेतीची टंचाई आहे हे खरं, म्हणून चुरी वापरायचीच झाली तर ती भुकटी काढलेली, धुतलेली हवी.

रेतीखाली मुरूम. तो ट्रॉलीतून ओतून एकदाच दाबला तर वरून घट्ट वाटतो आणि आत भुसभुशीत राहतो. दहा ते पंधरा सेंटिमीटरचे थर करायचे, प्रत्येकावर पाणी मारायचं, रोलर फिरवायचा आणि मगच पुढचा थर टाकायचा, ही त्याची रीत आहे. या कामाला वेळ लागतो, डिझेल लागतं आणि पूर्ण झाल्यावर ते कुणाला दिसत नाही. त्यामुळे काटछाट सर्वांत आधी इथेच होते.

आणि सगळ्यांत खाली जमीन. धानाच्या बांधीत कोणती माती आहे हे इथला शेतकरी पायाने ओळखतो: कन्हार, मोरांड, खरडी, सिहार, बर्डी. बांधकामाच्या वेळी मात्र हे ज्ञान कुणी विचारतच नाही. बर्डीवर, म्हणजे खडकाळ उंचवट्यावर, थोड्या मुरमातही काम टिकतं. कन्हार काळी आणि चिकण. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि वरचं काहीही असो, त्याला वरखाली करते. कन्हारीवर वरचा थर खोदून काढायला हवा, मुरमाची जाडी वाढवायला हवी आणि बाजूने पाणी आत झिरपणार नाही हे पाहायला हवं. दोन्ही जमिनींना एकच अंदाजपत्रक लावलं, तर खरं म्हणजे गट्टू खचण्याच्या आधी अंदाजपत्रकच खचलेलं असतं.

कडेचं तर कुणाच्या लक्षातच येत नाही. गट्टू सुटे असतात. सांध्यांतल्या रेतीच्या घर्षणामुळे ते एकमेकांना धरून वजन वाटून घेतात. कडेला पक्का कर्ब, म्हणजे काठाचा आधार, नसेल तर शेवटची रांग बाहेर ढळते, सांधे उघडतात, रेती वाहून जाते आणि ढिलाई आत सरकत येते. जिथे गाडी वळते तिथे गट्टूंची मांडणीही महत्त्वाची. सरळ रांगांपेक्षा माशाच्या काट्यासारखी तिरपी मांडणी, जिला हेरिंगबोन म्हणतात, वळणाऱ्या चाकाचा जोर जास्त चांगला पेलते.

जाडीचंही एक शास्त्र आहे. भारतीय मानक 15658 च्या 2006 च्या आवृत्तीप्रमाणे नुसत्या पायवाटेला 50 मिलिमीटर आणि एम-30 दर्जा चालत असे. हलक्या वाहनांना 60 मिलिमीटर आणि एम-35, मध्यम वाहतुकीला 80 मिलिमीटर आणि एम-40. एम-40 याचा अर्थ 28 दिवसांनी दर चौरस मिलिमीटरला 40 न्यूटन दाब सोसणारं काँक्रीट. दिवाळीनंतर ज्या गल्लीतून धानाने भरलेल्या ट्रॉल्या जाणार आहेत, तिथे 60 मिलिमीटरचा गट्टू टाकून नंतर कारखानदाराला दोष देण्यात अर्थ नाही.

"सांध्यांत सिमेंट ओतलं की काम पक्कं"

हा गैरसमज सगळ्यांत चिवट आहे, आणि त्याचं उत्तर याच जिल्ह्यात शतकानुशतकं डोळ्यांसमोर आहे. नवेगाव बांधपासून गावोगावच्या मामा तलावांपर्यंत, म्हणजे माजी मालगुजारी तलावांपर्यंत, पाळ बांधण्याची कला कोहळी समाजाने जपली. मालगुजारीची जमीनदारी पद्धत 1951 साली संपली, तलाव राहिले. अशा जुन्या तलावांच्या पाळीवर पाण्याच्या अंगाला जिथे दगड लावलेले दिसतात, तिथे जरा वाकून पाहावं. मोठे दगड तिरपे, एकमेकांत घट्ट अडकवलेले, मधल्या फटींत लहान कपच्या ठोकलेल्या. चुना नाही, सिमेंट नाही. लाट आदळते आणि फटींत विरते. तलावातलं पाणी उतरलं की पाळीच्या पोटात मुरलेलं पाणीही फटींतून बाहेर येतं. पाळ थोडी बसली तर दगडही तिच्याबरोबर थोडे बसतात, उखडत नाहीत. तिथे सांधे सिमेंटने बंद केले तर आतलं पाणी अडतं आणि मागून रेटून दगडांचा थर फुगवतं.

रेतीवर बसवलेला गट्टू याच तत्त्वावर चालतो. खालची जमीन किंचित हलणार, उन्हाने वरचा भाग प्रसरणार, हे त्यात धरलेलं असतं. सांध्यांत सिमेंटचं पाणी ओतलं की लवचिक फरशीचा एक पातळ, ताठ पत्रा होतो. जमीन हलली की तो तडकतो. पुढे नळाची पाइपलाइन टाकायला खोदावं लागलं, तर सुटा गट्टू काढून परत बसवता आला असता. सिमेंट ओतलेला फोडावाच लागतो. दोन गट्टूंत दोन ते चार मिलिमीटर फट, तीत कोरडी बारीक रेती, वरून प्लेट व्हायब्रेटर आणि पुन्हा रेती. हे एवढंच पुरतं, आणि पहिल्या पावसाळ्यानंतर एकदा रेती भरून घ्यावी लागते.

"गट्टूतून पाणी जमिनीत जिरतं"

साध्या गट्टूतून फारसं जिरत नाही. नव्या फरशीच्या सांध्यांतून थोडं पाणी जातं, पण धूळ आणि शेवाळ बसलं की तेही थांबतं. खाली काँक्रीटचा थर असेल तर प्रश्नच मिटला. पाणी जिरवणारी फरशी वेगळी असते. तिचे सांधे रुंद किंवा गट्टू सच्छिद्र असतात आणि खाली मुरूम-रेतीऐवजी एकाच आकाराची, बारीक भाग नसलेली गिट्टी असते. तिच्या पोकळ्यांत पाणी साठतं आणि सावकाश मुरतं. बाकी सगळीकडे फरशीला उतार द्यावा लागतो, मीटरला साधारण दोन सेंटिमीटर, आणि तो घराकडे नाही तर घरापासून दूर. आवारातलं पाणी जिरवायचं असेल तर उताराच्या शेवटी उघड्या मातीची पट्टी ठेवावी आणि तिथे झाडं लावावीत.

झाडाच्या बुंध्याला लागून गट्टू बसवणं मला पाहवत नाही. चिंच असो की कडुनिंब, मुळांना हवा आणि पाणी दोन्ही लागतं. राष्ट्रीय हरित लवादाने 2013 साली दिल्लीत झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला लावलं होतं. आपल्या शाळांच्या पटांगणांत त्यासाठी आदेशाची वाट पाहायची गरज नाही.

"राखेचा गट्टू म्हणजे भेसळ" आणि "पांढरं आलं म्हणजे सिमेंट खराब"

तिरोड्याला 3,300 मेगावॉटचा औष्णिक वीज प्रकल्प आहे, त्यामुळे फ्लाय ॲशच्या विटा आणि ब्लॉक इथे सहज मिळतात. सिमेंट भिजल्यावर जो चुना सुटतो, त्याच्याशी ही राख संथपणे संयोग पावते आणि काँक्रीट घट्ट करते. अडचण त्या संथपणातच आहे. राख घातलेल्या ब्लॉकला ताकद यायला वेळ लागतो आणि तोवर तो ओला ठेवावा लागतो. आठ दिवसांत, अर्धवट पाणी मारून ट्रकमध्ये चढवलेला ब्लॉक कच्चाच राहणार. दोष घाईचा. राइस मिलच्या कोंड्याच्या राखेतही सिलिका भरपूर असते, पण ती तापमान सांभाळून जाळलेली असेल तरच कामाची. उघड्यावर ढीग पेटवून झालेली राख काँक्रीटमध्ये टाकू नये.

नव्या गट्टूवर पांढरी भुकटी दिसली की लोक धास्तावतात. काँक्रीटमधला चुना पाण्याबरोबर वर येतो आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून पांढरा होतो. त्याने ताकद कमी होत नाही, पावसाने आणि वापराने तो हळूहळू जातो. तो घालवायला ॲसिड ओतणं हा खरा घात.

माल तपासायचाच असेल तर घरच्या घरी एक ढोबळ चाचणी होते. पूर्ण कोरडा गट्टू वजनकाट्यावर ठेवावा, मग 24 तास पाण्यात बुडवून, पुसून पुन्हा ठेवावा. त्याच 2006 च्या मानकाप्रमाणे पाणी शोषण सरासरी 6 टक्क्यांहून जास्त नको. तीन किलोचा गट्टू 180 ग्रॅमहून बराच जास्त वाढला, तर मात्र मालाबद्दल बोलायला जागा आहे.

"दगड म्हणजे दगड, काही होत नाही"

विदर्भ म्हटला की काळा बेसाल्ट, अशी समजूत आहे. ती पश्चिमेकडे खरी ठरते, गोंदियात नाही. दख्खनचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. इथल्या खडकांतले कित्येक त्याहून कितीतरी जुने, सुमारे 250 कोटी वर्षांच्या घरातले. भूशास्त्रात 'आमगाव नाइस' या खडकाचं नाव आपल्या आमगाववरून पडलं आहे, आणि सालेकसा-दरेकसा पट्ट्यात प्राचीन ज्वालामुखीचा र्‍हायोलाइट सापडतो. नाइस आणि ग्रॅनाइट कठीण असतात, पाणी फार कमी पितात. पायऱ्या, कर्ब आणि पाया यांना ते उत्तम. पण त्यातही तपासून घ्यावं. हातोडी मारल्यावर खणखणीत वाजला तर दगड पक्का. बद्द आवाज आला किंवा कडा हाताने भुगा होऊन सुटली, तर तो कुजलेला.

दुकानातून येणारी फरशी मात्र बहुतेक वेळा वेगळ्याच कुळातली असते. राजस्थानचा कोटा, कर्नाटकचा शहाबाद, छत्तीसगडचा फर्शी पत्थर हे सगळे चुनखडक, आणि संगमरवरही त्याच रसायनाचा. कोट्याच्या तुकड्यावर लिंबाचा रस टाकावा आणि थोड्या वेळाने पुसावा. तिथली चमक गेलेली दिसते. मग संडासाच्या ॲसिडने तीच फरशी दर आठवड्याला घासल्यावर काय होत असेल? फरशी स्वच्छ होते असं वाटतं, प्रत्यक्षात तिचा वरचा थर विरघळतो, ती खरखरीत होते आणि पुढे आणखी मळते. चुनखडकाला सौम्य साबणाचं पाणी पुरतं.

कोटा थंड असतो, हेही सावलीपुरतंच. घरात तो पायाची उष्णता चटकन ओढून घेतो, म्हणून गार लागतो. मे महिन्यात पारा 45 अंशांकडे गेला की उघड्या अंगणातला तोच कोटा दुपारी चटके देतो आणि साठवलेली उष्णता रात्रीपर्यंत सोडत राहतो. काळा ग्रॅनाइट आणि गडद गट्टू तर आणखी. अंगणात फिकट रंग घ्यावा, चालण्यापुरतीच फरशी करावी, बाकी माती आणि हिरवळ ठेवावी. बाहेर पॉलिश केलेला दगड कुठेच नको. पहिल्या पावसात म्हातारी माणसं त्यावरच घसरतात. टाकीने टाचलेला किंवा आगीने खरबरीत केलेला पृष्ठभाग मागावा. टाकी चालवणारे पाथरवट कारागीर अजून आहेत, त्यांना काम द्यावं.

"नाल्यातला गोटा कुणाचाच नसतो"

बागेत टाकायला नाल्यातून चार गोटे आणले तर काय बिघडलं, असं वाटतं. दगड, मुरूम, रेती ही गौण खनिजं आहेत. 2013 च्या राज्य नियमांनुसार त्यांना परवानगी, स्वामित्वधन आणि वाहतूक पास लागतो. विनापरवाना उत्खननाला महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 48(7) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो. आपल्या जिल्ह्याचा मोठा भाग जंगल आहे, आणि 1927 च्या वन कायद्यात जंगलातला खडकसुद्धा वनउपजात मोडतो. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरातून दगड आणणं तर मनातही आणू नये. पावसाळ्यात ते गोटेच नाल्याचा काठ धरून ठेवतात. विकत घेताना पावती आणि पास मागितला, की हा प्रश्न सुटतो.

गावातलं काम असेल तर आणखी एक अधिकार हाताशी आहे आणि तो फार थोडे वापरतात. माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 च्या कलम 2(ञ) नुसार नागरिकाला सुरू असलेल्या सार्वजनिक कामाची पाहणी करता येते आणि साहित्याचे प्रमाणित नमुनेही घेता येतात. गट्टू बसल्यावर मुरूम दिसत नाही, म्हणून पाहणी त्याआधीच व्हायला हवी. उत्तराला 30 दिवसांची मुदत असते, म्हणून अर्ज कार्यादेश निघाल्याबरोबर द्यावा आणि त्यात मुरमाच्या थरांची जाडी, दाबाईची नोंद आणि गट्टूचा 28 दिवसांचा चाचणी अहवाल ही तीन कागदपत्रं नाव घेऊन मागावीत.